भरलेली खांड

१

दोष महिपतीचा. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण गावात आता जो तो पाण्याला दोष देतो, हवेला देतो, सरकारला देतो, आणि महिपती देवळाच्या ओट्यावर बसून मान डोलावतो. दोष महिपतीचा, त्याच्या शब्दाशब्दाला 'व्हय व्हय' करणाऱ्या गुणाजीचा आणि जनूचा, आणि थोडाफार प्रणितचाही, कारण टेम्पो तो चालवायचा.

महिपती प्रणितचा सख्खा काका, बापाचा मोठा भाऊ. पेणहून खाडीकडे टमटमने पाऊण तास गेलं की जे गाव लागतं, तिथल्या जोळाचा तो मुख्य. जोळ म्हणजे एका खारबांधाच्या आत ज्यांची ज्यांची भातशेती आहे ती सगळी घरं. समुद्राचं पाणी आत शिरू नये म्हणून आज्या-पणज्यांनी चिखलाचा लांबच लांब बांध घातला, आणि प्रत्येक घराला त्याचा एकेक तुकडा राखायला वाटून दिला. बांध फुटून खांड पडली की घरटी एक माणूस हजर. घरात लग्न असो, मयत असो, नाहीतर कंपनीत शिफ्ट असो. माणसं खांडीत हातात हात अडकवून ओळीने उभी राहतात, पाणी अंगावर घेतात, आणि मागून हातोहात चिखलाच्या ढेपा येत राहतात. ज्याच्या तुकड्यात खांड पडली, त्याच्या घरचा माणूस ओळीत पहिला.

ऐकायला झकास. निवडणुकीत पुढारी यावर भाषणं ठोकतात. पण पूर्वी बांधाला टेकणारं उधाण वर्षातून दोनदा यायचं. आता दर पुनवेला, दर अमावास्येला पाणी बांधाच्या माथ्याला लागतं. तरणी माणसं पनवेलला, उरणला निघून गेली. उरले ते म्हातारे, आणि त्यांच्या तावडीत सापडलेला प्रणित. रोह्याला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असताना एका मास्तराने 'खारातली पोरं' म्हणून टोमणा मारला, तेव्हा प्रणितने त्याच्याच टेबलामागची खुर्ची उचलून भिंतीवर आपटली, आणि त्याचं शिक्षण तिथेच संपलं.

महिपतीने काय केलं? मीठ चढून मेलेल्या आपल्या दोन एकरांत तळं खणलं आणि त्यात आफ्रिकन मांगूर सोडला. काळा, मिशाळ, मांडीएवढा जाड मासा. ठेवायला बंदी आहे, कारण तो एकदा बाहेर सुटला की दुसरं काही जिवंत ठेवत नाही. महिपतीला ठाऊक होतं. "बंदी कागदावर हाय, मासा पाण्यात हाय," असं म्हणून तो हसायचा, आणि गुणाजी-जनू त्याच्याबरोबर हसायचे.

मांगूर खातो काय, तर कोंबडीचं वेस्टेज. आतडी, पिसं, पाय. गडबपासून पेणपर्यंतच्या चिकनच्या दुकानांतून प्रणित ते पिंपात भरायचा आणि बरोबर बाराला तळ्यावर पोचायचा. तीन वेळा हॉर्न दिला की पाणी काळं व्हायचं. पिंप उलटं करायच्या आधीच शेकडो तोंडं उघडून वर आलेली असायची. वाईट काम, पण प्रणितला एक गोष्ट कबूल करावी लागे: आख्ख्या गावात त्याची वाट पाहणारे तेवढेच होते.

२

पिठोरी अमावास्येच्या उधाणात बांध फुटला. वीस फुटांची खांड. नेमकी प्रणितच्या बापाच्या, पुंडलिकच्या तुकड्यात, तळ्याला लागून. पाणी आत आलं, तळं बुडालं, आणि मांगूर सगळ्या शेतांत पसरला.

आठवड्याभरात बेडूक ओरडायचे बंद झाले. निवट्या संपल्या. चिंबोऱ्यांची नुसती कवचं दिसायला लागली. शेजारच्या नाल्यात बदकं होती, त्यांचे पाय तरंगताना सापडले. मग कोणीतरी तक्रार केली आणि सरकारी पथक आलं. पथकात नम्रता होती. रोह्याजवळच्या अष्टमी गावची, कॉलेजात प्रणितच्या एक वर्ष पुढे.

"तू तोच ना, खुर्चीवाला?" तिने ओळखलं.

"तोच. आता कोंबडीची आतडी वाहतो. प्रगती हाय."

ती हसली, पण कामाचं बोलताना हसली नाही. "हे सगळे मारायचे. हा हवेतून श्वास घेतो, त्यामुळे पाणी काढून मरणार नाही. डोकं फुटलं तरी तासभर जगतो. उंचावर दहा फुटांचा खड्डा, मासा, चुना, परत मासा, परत चुना. पाण्याजवळ पुरू नका. काका, ऐकताय ना?"

"ऐकतो की," महिपती म्हणाला. "दहा फूट. चुना. लिहून घे रं गुणाजी." गुणाजीला लिहिता येत नाही.

भांगाचे दिवस होते, भरती उथळ. बांधातल्या पाणी सोडायच्या उघाडीची दारं वर करून शेतातलं पाणी घोट्यापर्यंत उतरवलं. घरटी एक माणूस, हातात दांडका. पण दोनशे एकरांत मासे शोधायचे कुठे?

"हॉर्न मार," महिपती प्रणितला म्हणाला. "येतील."

प्रणितने टेम्पोत बसून हॉर्न दिला. एक, दोन, तीन.

आधी काहीच झालं नाही. मग लांबवर भाताची पाती हलली. मग चहूबाजूंनी हलली, वाऱ्याविना, सरळ रेषांत, सगळ्या रेषा टेम्पोकडे. चिखलातून पोटावर सरपटत, बांधावर चढून, एकमेकांच्या पाठीवरून ते आले. माणसं ओळीने उभी होती. जनूने पहिला फटका घातला.

मग दोन तास दुसरा आवाज नव्हता. ओल्या लाकडाने नारळ फोडावा तसं एकेक टाळकं फुटत होतं. दांडके निसटत होते, हात रक्ताने चिकटत होते, गुणाजीचा पाय घसरून तो त्यांच्यातच पडला आणि उठून आईवरून शिव्या देत टाचेने तुडवायला लागला. प्रणितही खाली उतरला. त्याने मारले, खूप मारले. मास्तर आठवून मारले, काका आठवून मारले. मजा आली, हे तो नाकारत नाही.

पण एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली आणि हात जड झाला. एकही मासा उलटा फिरत नव्हता. बाजूच्याचं डोकं फुटत होतं आणि हा तिथेच थांबून तोंड उघडत होता. मार खात होते आणि तोंड उघडत होते. पिंपाची वाट बघत होते.

३

नम्रता खड्डा दाखवून पुढच्या गावाला गेली. महिपतीने खड्ड्यात चुन्याच्या दोन गोण्या ओतल्या, वर माती लोटली, फोटो काढला आणि तिला पाठवून दिला. खड्ड्यात एकही मासा नव्हता.

"मासे कुठं नेताय?" प्रणितने विचारलं.

"खांडीत."

"येडे झालात काय? तिनं सांगितलं पाण्याजवळ नको म्हणून."

महिपती त्याच्याकडे वळला. "खांड बुजवायला चिखल लागतो. चिखल बाहेर खारफुटीत हाय. खारफुटीला हात लावला तर केस. जेसीबी बांधावर येत नाय, खचतो. भांगाचे दिवस अजून तीन. मग उधाण. आता तू दोन वर्षं शिकून आलायस, तर सांग, भराव कुठनं आणू? तुझ्या मार्कशीटचा घालू?"

म्हातारे हसले. प्रणितचा बाप पुंडलिक हसला नाही, पण बोललाही नाही. पुंडलिक आयुष्यात मोठ्या भावासमोर कधी बोलला नव्हता. त्याचा तुकडा म्हणून तो ओळीत पहिला उभा राहिला, खांडीच्या काठाशी, मांडीभर पाण्यात.

थर घातले. पेंढा, मासे, चिखल. पेंढा, मासे, चिखल. टेम्पोच्या सहा खेपा झाल्या. अर्धे मासे जिवंत होते. फुटक्या डोक्यांनी तोंडं मिटत-उघडत होते आणि त्यांच्यावर ढेप पडत होती. संध्याकाळपर्यंत खांड बुजली. नवा भराव ओला, काळा चमकत होता, आणि त्याची कूस वरखाली होत होती. निजलेल्या जनावराची होते तशी.

"दम निघेल उद्यापर्यंत," महिपती म्हणाला आणि हात धुतले.

४

बांध असा घट्ट झाला की विचारू नका. भादव्याची पुनव गेली, सर्वपित्रीचं उधाण गेलं, पाणी माथ्यापासून चार बोटांवर आलं, पण आत थेंब नाही. एरवी बांध कुठेतरी पाझरतोच. चिंबोऱ्या भोकं पाडतात, घुशी पोखरतात. आता एक भोक नव्हतं. मिठाने पिवळी पडलेली रोपं पावसाने धुऊन निघाली आणि भात निसवलं. महिपती आख्ख्या तालुक्यात मिरवत फिरला. शेजारच्या जोळाची माणसं बांध बघायला आली.

प्रणितला एकच कळेना. वेस्टेज बंद करायला कोणी सांगितलं नव्हतं.

"तळं मोकळं हाय," तो काकाला म्हणाला. "कोणाला घालायचं?"

"आण म्हटलं ना. तुला पगार मिळतो ना? मग तोंड चालवू नको, गाडी चालव."

तो आणत राहिला. पिंपं बांधापाशी उतरवायची आणि निघायचं, असा हुकूम. गुणाजी आणि जनू तिथे बसलेले असत, तो जाईपर्यंत विड्या ओढत, गप्प. हे दोघं गप्प बसलेले प्रणितने जन्मात पाहिले नव्हते.

दसऱ्यानंतर एका दुपारी ते दोघे आले नव्हते. बाराचं ऊन. ऑक्टोबरचं ऊन म्हणजे चिखलाला भेगा पाडणारं, बाकीच्या बांधाला पडल्याही होत्या. भराव मात्र ओलाच. प्रणितने टेम्पो मागे घेतला आणि मागे माणूस नाही ना म्हणून, सवयीने, तीनदा हॉर्न दिला.

चप.

ओठ मिटून उघडावेत तसा आवाज. पण मोठा, आणि एकच. भरावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदम.

चिखलातली हवा, त्याने स्वतःला सांगितलं. खाली मासे कुजले, गॅस झाला, भरतीने दाबला. विज्ञान. डिप्लोमा अर्धा झाला म्हणून अक्कल अर्धी होत नाही. तो खाली उतरला, भरावावर हात ठेवला. चिखल थंड असायला हवा होता, बाहेरून खाडी लागलेली. तो कोमट होता. आणि गुळगुळीत, बुळबुळीत, मातीचा कण हाताला न लागणारा.

त्याने पुन्हा हॉर्न दिला. का दिला ते त्यालाही सांगता येणार नाही.

चप. या वेळी भरावाच्या पलीकडूनही. जुन्या बांधातून, जिथे एकही मासा पुरला नव्हता तिथून, पार उघाडीपर्यंत.

बांधाच्या माथ्यावर एक खळगा होता, घमेल्याएवढा. त्यात पिसं चिकटली होती. प्रणितने एक पिंप त्यात उलटं केलं. आतडी क्षणभर तशीच पडून राहिली, उन्हात चमकत. मग खळगा खोल झाला, आतडी आत गेली, आणि वरचा चिखल जुळला.

त्याने पिंप तिथेच टाकलं आणि टेम्पो काढला. घर येईपर्यंत त्याने आरशात पाहिलं नाही.

५

घर बांधापासून हाकेच्या अंतरावर. दुपारी घरात शिरला तर टीव्ही मोठ्याने लागलेला. सरू, त्याची आई, कुठलीही मालिका न बघता टीव्हीसमोर तांदूळ निवडत होती.

"आवाज कमी कर गो आये."

"नको," ती म्हणाली. "बाराची येळ हाय. एकपर्यंत ऱ्हाऊ दे."

प्रणितने रिमोट घेऊन टीव्ही बंद केला. घर गप्प झालं. मग जमिनीतून, शेणाने सारवलेल्या जमिनीतून, तळव्यांना कळला तो आवाज. कानाला नंतर. चप. ताटातले तांदूळ एकदा हलले. सरूने ताट मांडीवर घट्ट धरलं.

पुंडलिक पडवीत बसला होता, भिंतीला पाठ लावून.

"तुमाला ठाऊक होतं," प्रणित म्हणाला.

"व्हय."

"कधीपासून?"

"बुजवली त्याच्या आठव्या दिवसापासून. गुणाजीची शेळी गेली. दावं बांधावर, शेळी नाय. दाव्याचं टोक चिखलात. वढलं तर चिखलानंही वढलं." बाप खाली बघत बोलत होता. "मग दादा म्हणला, पोट भरलं की गप बसंल. बसलं. बांधही धरला. भात येऊ दे एवढं, मग बगू."

"मग बगू! तुमच्या पिढीचं आख्खं आयुष्य 'मग बगू'त गेलं. तळं खणलं तेव्हा मग बगू, बंदी आली तेव्हा मग बगू. तुकडा तुमचा हाय बाबा. उद्या परत खांड पडली तर पहिला कोण उभा ऱ्हाणार? महिपती?"

पुंडलिक पायाच्या बोटाने सारवण उकरत राहिला.

"माझ्याबरोबर चला. रोह्याला खोली बघतो. आजच."

"जोळ सोडून कुठं जाऊ?" बाप म्हणाला, आणि हे तो इतक्या सरळपणे म्हणाला की प्रणितला त्याच्या कानाखाली मारावीशी वाटली. "दादा काय म्हणंल?"

प्रणितने पडवीतल्या हंड्याला लाथ मारली. हंडा अंगणात गेला, पाणी सगळीकडे झालं. सरू आतून ओरडली. त्याने त्याच पावली टेम्पोची चावी घेतली. वेस्टेज नाही तर बांधाला खायला नाही, आणि खायला नाही तर मरेल. साधा हिशेब. बापाला वाचवायचं तर बांध मारायचा. बावीस वर्षांच्या डोक्याला तो हिशेब बरोबर वाटला.

६

तीन दिवस टेम्पो रोह्यात होता. प्रणित एका मित्राच्या खोलीवर पडून राहिला. महिपतीचे फोन आले, त्याने उचलले नाहीत. मग गुणाजीचे. मग जनूचे, ज्याला फोन करता येत नाही, म्हणजे कोणीतरी लावून दिलेले. बापाचा एकही नाही. तिसऱ्या दिवशी कोजागिरी होती. सकाळी तो पूल ओलांडून अष्टमीला गेला आणि चहाच्या टपरीवर नम्रताला गाठलं.

सगळं सांगितलं. खोटा फोटो, भराव, खळगा. फोटोचं ऐकून ती तापली.

"नोकरी जाईल माझी, कळतंय? तुझ्या काकाला आत टाकायला पाहिजे."

"टाक. आज टाक. पण बाकीचं?"

"बाकीचं काय! चिखलात मासे कुजले की गॅस होतो. शेळी कोल्ह्याने नेली असेल."

प्रणितने मोबाइल तिच्यासमोर ठेवला. त्या दुपारी टेम्पो काढण्याआधी जमिनीला टेकवून केलेलं रेकॉर्डिंग. तिने इअरफोन लावले. चहा निवत गेला. तिने परत लावलं, आणि या वेळी घड्याळाकडे बघत ऐकलं.

"मांगूर दर थोड्या वेळाने हवा घ्यायला वर येतो," ती हळूच म्हणाली. "पण प्रत्येक मासा आपापल्या वेळेला. हे सगळे एकदम का घेतायत?"

"ते तू सांगायचंस. मी डिप्लोमा नापास."

ती हसली नाही. "तू वेस्टेज बंद केलंस म्हणालास. कधीपासून?"

"आज तिसरा दिवस. उपाशी मरेल ना?"

"हा मासा महिना-महिना उपाशी राहतो, प्रणित. मरत नाही." तिने इअरफोन काढले. "भूक लागली की तो जागा सोडतो. पाणी सोडून चालायला लागतो."

पुनवेची भरती बाराला. घड्याळात साडेदहा झाले होते. प्रणित चहा तिथेच टाकून पळाला.

७

गडबला महामार्गावर ट्रॅफिक. उलट्या बाजूने घुसून, एका रिक्षाचा आरसा तोडून, शिव्या खात तो पोचला तेव्हा बारा वाजायला दहा मिनिटं होती. टेम्पो कच्च्या रस्त्यावर सोडून तो धावला.

खांड पडली होती. जुन्याच जागी, वीस फूट. पण बांध बाहेरून आत फुटतो, हा आतून बाहेर फुटला होता. भराव फाकून दोन्ही अंगांना पसरला होता, आणि पलीकडे खाडीचं पाणी चढत होतं. जोळ हजर होतं, घरटी एक माणूस. ओळ उभी राहत होती. खांडीच्या तोंडाशी, एकटा, कमरेएवढ्या काळ्या चिखलात पुंडलिक.

"बाबा, भायेर या!"

"गप!" महिपती बांधावर उभा होता, धोतर खोचून, कोरडा. "तुझ्यापायी झालंय हे. तीन दिस उपाशी ठेवलंस. ज्याचा तुकडा त्याचा माणूस पहिला. ढेपा द्या रं!"

ढेपा येऊ लागल्या. हातोहात, तीच जुनी लय, 'हां, हां' करत. पुंडलिकने पहिली घेतली आणि पुढे लावली. दुसरी घेतली. तिसरी घ्यायला हात वर केले आणि तो छातीपर्यंत खाली गेला.

तो ओरडला नाही. त्याने फक्त वळून भावाकडे पाहिलं, विचारल्यासारखं.

"दादा," तो म्हणाला, "पाय धरलेत."

महिपतीने त्याच्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे पाहिलं. पाणी खांडीच्या ओठाला टेकत होतं. मग त्याने जे केलं ते प्रणितने पाहिलं, उन्हात, दहा हातांवरून, आणि त्यात चूक व्हायला जागा नाही. त्याने मागे वळून ओळीला हात केला. देत ऱ्हावा.

आणि ते देत राहिले. गुणाजी, जनू, सगळे. ढेप हातोहात आली आणि पुंडलिकच्या खांद्यावर पडली. दुसरी मानेशी. माणसं खाली बघून काम करत होती, एकमेकांच्या हातांकडे. कोणी वर मान केली नाही.

प्रणितच्या वाटेत महिपती होता. बांधावर मासे मारायचा दांडका पडला होता. त्याने तो उचलला आणि काकाच्या खांद्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज आला. दुसरा फटका जबड्यावर. महिपती कलंडला, आणि प्रणित त्याच्यावरून उडी मारून खांडीत उतरला.

बापाचा हात वर होता. त्याने तो दोन्ही हातांनी धरला आणि ओढलं. चिखलाने ओढलं. बाप गळ्यापर्यंत होता, डोळे उघडे, ओठांवर चिखल. प्रणितने दांडका दोघांच्या मध्ये खुपसला, उचकटायला, पार खोलवर, आणि चिखल त्या दांडक्याभोवती उघडला.

हातभर रुंद, वावभर खोल. ऊन थेट आत पडलं. आत मासे असते तर प्रणितला बरं वाटलं असतं. आत मिशा होत्या, चिखलातून उगवलेल्या, शेवटपर्यंत. तोंडं होती, दाटीवाटीने, पण एका तोंडाचा ओठ पुढच्या तोंडाचा ओठ होता, कुठे एक संपतं आणि दुसरं सुरू होतं ते दिसत नव्हतं. कित्येकांची टाळकी फुटकी होती. आणि मधोमध, त्यांच्यात, बापाची कंबर होती, आणि कंबरेखाली बाप कुठे संपतो तेही दिसत नव्हतं.

सगळी तोंडं एकदम वर झाली. प्रणितकडे. ओळखीच्या माणसाकडे बघावं तशी.

चप.

त्याने दांडका मारला. मारत राहिला, एका हाताने, दुसऱ्या हातात बापाचा हात. रक्त उडालं, काळं की लाल ते कळलं नाही. एक फुटलं की बाजूचं उघडत होतं. दांडका गेला. मग त्याने मुठीने मारलं, आणि मूठ आत गेली. कानस घासावी तसं काहीतरी बोटांवरून गेलं, एकदाच. दुखलं नाही.

मागून ढेप आली आणि त्याच्या डोक्यात बसली. कोणी टाकली ते त्याला कधीच कळलं नाही. गुणाजीने त्याला काखेत धरून मागे ओढलं, आणि तो सुटला, कारण चिखलाला त्याच्या उजव्या हातात धरायला आता काही उरलं नव्हतं. डाव्या हातातून बापाचा हात निसटला. पाचही बोटं सरळ, काही न मागणारी. त्यावर ढेप पडली.

बाराच्या ठोक्याला पाणी बांधाला लागलं. खांड बुजलेली होती. आत थेंब आला नाही.

८

पोलिसांत पुंडलिक खाडीत वाहून गेला असं लागलं. पंचनाम्यावर जोळातल्या घरटी एका माणसाची सही आहे, ज्यांना येत नाही त्यांचा अंगठा. महिपतीचा जबडा तारेने बांधला, दोन महिन्यांत तो जेवायला लागला. नम्रता चुना घेऊन आली तेव्हा तिला बांधावर जाऊ दिलं नाही, उभं पीक आहे म्हणून. तिची बदली झाली. टेम्पो आता जनूचा जावई चालवतो. भात त्या साली चांगलं झालं.

प्रणितचा बाप गेला आणि उजव्या हाताची चार बोटं गेली.